मनूला गणिताच्या शिबिराला पाठवायचं की नाही

मार्च संपत आला की नाशकात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, उन्हाचा तडाखा आणि क्लासवाल्यांचे फोन. माझा नंबर यांना कोण देतं देव जाणे. "मॅडम सहावी झाली ना मुलीची, आता फाउंडेशनला टाका, नंतर बॅचमध्ये सीट मिळत नाही." मी दोन-चारदा नम्रपणे नाही म्हणाले, मग फोन उचलणंच बंद केलं. पण मागच्या वर्षी या फोनांच्या गर्दीत एक वेगळी गोष्ट आली आणि तिच्यामुळे आमच्या घरात एप्रिलभर जे काही चाललं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. हल्ली ओळखीतले दोघं-तिघं विचारतायत, तुम्ही कसं ठरवलंत म्हणून. एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे.

आधी मनूबद्दल. सेमी इंग्लिशला आहे, तेव्हा सहावी संपत होती. गणित आवडतं, पण फटाफट उत्तरं देणारी हुशार पोरं असतात ना, तशी अजिबात नाही. उलट संथ. पेपरमधला शेवटचा प्रश्न कायम सुटतो कारण मधल्याच कुठल्या तरी प्रश्नात बाईसाहेब रमलेल्या असतात. पाचवीला स्कॉलरशिप दिली, मार्क बरे होते, यादीत नाव नाही आलं. अबॅकस दुसऱ्या लेव्हलला सोडलं, "आई त्यात नुसतं पळायचं असतं" म्हणाली. त्यामुळे आपली मुलगी काही जीनियस वगैरे आहे असा आमचा कुणाचाच समज नव्हता आणि आजही नाही.

तर तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी एक दिवस तिच्या हातात एक पत्रक दिलं. पुण्याजवळ दोन आठवड्यांचं निवासी शिबीर, फक्त गणिताचं, सातवी ते नववीत जाणाऱ्या मुलांसाठी, मे महिन्यात. फी सव्वीस हजार, जेवणराहणं धरून. (नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको.) प्रवेशासाठी परीक्षा नव्हती. सहा प्रश्नांचा एक कागद, तो घरी न्यायचा, दोन आठवडे घ्या, पुस्तक बघितलं तरी चालेल पण कुणा माणसाला विचारायचं नाही, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं की नुसतं उत्तर नको, तुम्ही काय काय करून बघितलं ते सगळं लिहा, चुकलेलं सुद्धा.

नवरा एकदम खूष. तो सातपूरला कंपनीत आहे, इंजिनियर माणूस, स्वतःचं आयआयटीचं राहून गेलेलं, त्यामुळे त्याच्या डोक्यात लगेच पुढची सहा वर्षं उभी राहिली. शिबीर, मग आठवीपासून ऑलिम्पियाड, मग जेईई. त्याच रात्री तो मोबाईलवर ऑलिम्पियाडची माहिती काढत बसला आणि बसला ते एका अर्थी बरंच झालं, कारण माझा त्यातला मोठा गोंधळ दूर झाला. शाळेतून दरवर्षी फॉर्म भरून घेतात, मग मेडल आणि सर्टिफिकेट येतं, ते ऑलिम्पियाड म्हणजे खासगी कंपन्यांच्या परीक्षा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला खरी जी देशाची टीम पाठवतात तिच्या निवडीची पहिली पायरी वेगळीच आहे, आयओक्यूएम म्हणतात, ती आठवी ते बारावीच्या मुलांसाठी. तीन तासात ३० प्रश्न, १०० मार्क, आणि प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला एक पूर्णांक, पर्याय वगैरे काही नाहीत की बाबा चारातलं एक ठोकून द्या. त्याच्या पुढे आरएमओ म्हणजे विभागीय फेरी, तिथे तीन तासात फक्त सहा प्रश्न आणि सगळी सिद्धता लिहायची, मग देशपातळीची आयएनएमओ, मग कॅम्प, आणि तिथून सहा जणांची टीम. भारत १९८९ पासून जातोय या स्पर्धेला आणि १९९६ साली तर ती आपल्या मुंबईतच भरली होती, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

मी त्याला म्हटलं अरे पण ती सहावीत आहे, आठवी अजून लांब आहे आणि हे सगळं तुला हवंय की तिला? त्यावर तो काही बोलला नाही, पण चार्ज झालेलाच होता.

आता मध्ये एक फाटा. त्याच आठवड्यात कॉलेज रोडच्या एका क्लासचा फ्री डेमो होता, उन्हाळी बॅच, तीन आठवड्यात सातवी-आठवीचं सगळं बीजगणित पूर्ण. नवऱ्याचं म्हणणं तुलना तरी करू, निवासी नाही, घरून जाऊन-येऊन होईल, पैसेही निम्मे. गेलो. एसी हॉल, सत्तर-ऐंशी मुलं, सर खरंच तयारीचे होते, तासाभरात फळ्यावर धडाधड गणितं सोडवली, प्रत्येकाला एक शॉर्टकट. पोरं वहीत उतरवून घेत होती. मनूने मध्ये हात वर केला, "सर हे असं का चालतं?" सर हसले आणि म्हणाले, "ते पुढे कळेल बेटा, आधी स्पीड आणू." झालं. परत येताना स्कूटीवर मागे बसून ती एक शब्द बोलली नाही, आणि घरी येऊन वही उघडून तो शॉर्टकट का चालतो ते शोधत बसली आणि सापडलंच नाही तिला, वैतागून झोपली.

मी त्या क्लासला वाईट म्हणणार नाही. माझ्या बहिणीचा मुलगा तशाच बॅचला गेला होता आणि त्याला चांगला फायदा झाला, त्याला पुढचं लवकर शिकायचं होतं, शाळेत कंटाळायचा. पुढच्या इयत्तेचं आधी शिकणं ही एक गरज असू शकते. पण ते आणि हे शिबीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीवर "समर मॅथ प्रोग्रॅम" अशीच पाटी असली तरी. एकात तुम्ही त्याच रस्त्याने जोरात जाता. दुसऱ्यात रस्ता सोडून शेतात शिरता, आणि शेतातून सातवीचा पोर्शन संपत नाही हे आधीच मान्य करायला लागतं. आमच्याकडे हे मान्य व्हायला वेळ लागला, कारण नवऱ्याने शिबिराच्या पत्रकात सिलॅबस शोधला आणि तो नव्हताच.

बरं, तो सहा प्रश्नांचा कागद. मनूने पहिले दोन दोन-तीन दिवसात केले. तिसरा असा होता: फळ्यावर १ ते १० आकडे लिहिलेत. कुठलेही दोन पुसायचे आणि त्यांच्या जागी त्यांच्यातला फरक लिहायचा. असं करत राहायचं. शेवटी एकच आकडा उरेल. तो शून्य असू शकेल का?

वाचून मला वाटलं सोप्पंय, असेल की कुठल्या तरी प्रकारे. तिलाही तसंच वाटलं. आधी वहीत खोडत बसली, मग म्हणाली खोडून खोडून दिसत नाहीये, आणि मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढलं, त्यातल्या तारखा कात्रीने कापल्या आणि त्या फरशीवर मांडून खेळायला लागली. दोन चिठ्ठ्या उचलायच्या, फरकाची चिठ्ठी ठेवायची. एका महिन्याच्या तारखा पुरेनात कारण तोच फरक परत परत येतो, मग दुसरा महिना कापला. शून्य तारीख नसते, तर १० मधलं शून्य कापून घेतलं. सासूबाई दुपारची झोप काढून बाहेर आल्या तर हॉलभर तारखा आणि पंख्याने उडतायत. त्यात त्यांचा दुधाचा आणि इस्त्रीवाल्याचा सगळा हिशोब त्याच कॅलेंडरवर, म्हणजे तो गेलाच. "अगं मेले, गतवर्षीचा असला तरी हिशोब तो हिशोब!"

शून्य येईना. १ यायचा, ३ यायचा, कधी ५. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, नेहमी विषमच येतो." मग विषम चिठ्ठ्यांना वेगळा रंग द्यायचा ठरला, पण कालनिर्णयात रविवार आणि सुट्ट्या आधीच लाल, त्यामुळे गोंधळ व्हायला लागला, तेव्हा हिरव्या स्केचपेनने विषमांना टिकल्या दिल्या. आणि मग बघत बसली. मी पोळ्या करत होते, मध्ये मध्ये डोकवत होते, सांगायचं नाही असा नियम होता आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे येत होतं. रात्री जेवताना अचानक थांबली. हातातला घास तसाच. "हिरवे एकतर तेवढेच राहतात नाहीतर दोन कमी होतात! एक हिरवा कधीच कमी होत नाही!" म्हणजे असं, की दोन विषम पुसले तर फरक सम, दोन हिरवे गेले. एक सम एक विषम पुसला तर फरक विषम, एक गेला एक आला. दोन्ही सम असतील तर हिरव्यांना काही होतच नाही. सुरुवातीला हिरवे पाच. पाच, तीन, एक. शून्य हिरवे कधी होणारच नाहीत, म्हणजे शेवटचा आकडा विषमच, म्हणजे शून्य नाहीच येणार, कुणीही कितीही खेळा.

नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, आणि लगेच "चला आता चौथा" म्हणाला. ती चौथ्याकडे गेलीच नाही. पुढचा सगळा दिवस तिने १ ते ११ असते तर, १२ असते तर, १३ असते तर यात घालवला. ११ ला सहा हिरवे म्हणून शून्य जमायला पाहिजे आणि तिने ते जमवून दाखवलं, शेजारचे शेजारचे पुसले की सगळे एक-एक उरतात आणि मग एक वजा एक. १२ लाही जमतं. १३-१४ ला नाही, १५-१६ ला परत जमतं. दोन जमतात दोन नाही. हे कागदावर कुणी विचारलेलंच नव्हतं.

माझ्यासाठी निम्मा निर्णय तिथेच झाला होता. सहापैकी किती आले याला मग माझ्या लेखी काही किंमत उरली नाही (चार आले, एक अर्धा). हे पोर न सुटणाऱ्या प्रश्नाबरोबर तीन दिवस राहू शकतं आणि सुटल्यावरही त्याला सोडत नाही, हे मी पहिल्यांदा बघत होते. शाळेत हे कधी दिसलंच नसतं, शाळेत याला "पेपर अपूर्ण" म्हणतात. आणि उलटही सांगते, माझ्या मैत्रिणीच्या मुलाने तोच कागद घेतला, तो मनूपेक्षा मार्कांनी कितीतरी पुढे आहे, त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की मला हे नको, मला क्रिकेट कॅम्पला जायचंय. त्याच्या आईला वाईट वाटलं. मला वाटतं त्या कागदाने त्याचंही कामच केलं, सव्वीस हजार वाचले आणि पोराचा मे वाचला.

उरलेला अर्धा निर्णय मात्र गणिताचा नव्हताच. बारा वर्षांची मुलगी, दोन आठवडे, घरापासून लांब, अनोळखी लोक. मी शिबिराच्या सरांना फोन केला आणि वहीत लिहून ठेवलेले सगळे प्रश्न विचारले, लाज न ठेवता. रात्री मुलींच्या खोल्यांजवळ कोण असतं, बाईमाणूस आहे का, आजारी पडली तर दवाखाना किती लांब, फोन कधी देता. ही उत्तरं नीट मिळाली. मुली किती येतात विचारलं तर म्हणाले चौथा हिस्साही नाही, आम्हालाही ते खटकतं, पण खोटं सांगत नाही. ते खरं बोलणं मला आवडलं. मग विचारलं दुपारी काय असतं. हा प्रश्न मला मोठ्या नणंदेने सुचवला होता. ती न्यू जर्सीला असते, तिच्याकडे असली शिबिरं जुनी आहेत, अमेरिकेतला रॉस प्रोग्रॅम १९५७ पासून चालू आहे, सहा आठवडे मुलं फक्त संख्यांवर काम करतात. ती म्हणाली, "वहिनी, लेक्चर किती वेळ असतं ते विचार. दिवसभर लेक्चर असेल तर तो क्लासच आहे, फक्त गादी देतात झोपायला." तर इथे सकाळी दीड तास शिकवणं आणि मग दिवसभर गटात प्रश्न, संध्याकाळी खेळ, रात्री ज्याला हवं त्याने परत बसावं. मी विचारलं एखाद्याला काहीच येत नसेल तर? सर म्हणाले, "पहिले तीन दिवस सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला काही येत नाही, कारण शाळेत पहिली येणारी पोरं इथे एकमेकांना भेटतात. एकदोघं रडतात. चौथ्या दिवशी विसरतात." नवरा स्पीकरवर ऐकत होता, त्याने विचारलं याचा जेईईला किती उपयोग. पलीकडे जरा शांतता, मग, "साहेब त्यासाठी पाठवू नका." मला हसू आवरेना.

कागद इंग्रजीत होता आणि मनूने उत्तरं निम्मी मराठीत लिहिली होती, मसावि-लसावि, सम-विषम सगळं आपलं शाळेतलं, त्याचंही विचारलं. म्हणाले चालतं, समजलं पाहिजे फक्त.

आता सासूबाई. त्यांचा मुद्दा सोपा होता: सुट्टी ही सुट्टी असते. आणि दुसरा, जो त्यांनी जोरात मांडला, की आपल्या देवळालीचे कापरेकर मास्तर कुठल्या शिबिराला गेले होते? सासूबाईंचं बालपण देवळालीचं, त्यामुळे कापरेकरांचा विषय निघाला की तो घरचाच असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुठलाही चार आकडी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो. हे देवळालीच्या एका शाळामास्तराने शोधलं आणि जगभर आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. १९७५ साली मार्टिन गार्डनर या गणितावर लिहिणाऱ्या लेखकाने अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा कुठे बाहेर नाव झालं. तर सासूबाईंचं म्हणणं, ते शाळेत शिकवता शिकवताच झालं ना सगळं. यावर मनूने (बाबाच्या मोबाईलवरून शोधून) सांगितलं की आजी, ते फर्ग्युसनला होते आणि १९२७ ला त्यांना रँग्लर परांजपे बक्षीस मिळालं होतं, म्हणजे ते पण घर सोडून पुण्याला गेलेच होते. आजी दोन मिनिटं गप्प. मग, "कॉलेजला गेले होते, सहावीत नव्हे." गुण बरोबरीत.

खरी अडचण निघाली ती तारखांची. माझं माहेर लांज्याचं. दर मे महिन्यात मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी आणि पुढे एसटी हे आमचं ठरलेलं, आणि त्या वर्षी माझ्या भावाच्या मुलाची मुंज, ती नेमकी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. भावाला फोनवर चाचपून बघितलं तर म्हणाला, "ताई, गणित काय पळून चाललंय?" आणि मग पोराकडे फोन दिला, तो बिचारा, "मनूताई येणार नाही?" एवढंच म्हणाला. असे फोन द्यायचे नसतात खरं तर.

नवऱ्याचं मत मुंज चार तासांची असते आणि शिबीर वर्षातून एकदा. माझं मत डळमळीत. मनूने स्वतः सांगितलं की मी सरांना विचारते, तीन दिवस उशिरा आले तर चालेल का. तिनेच फोन लावला, मी शेजारी. सर नाही म्हणाले, पण नीट समजावून. पहिल्या तीन दिवसात गट ठरतात, मुलं स्वतः व्याख्या बनवतात, त्यावर पुढचं सगळं उभं राहतं, मध्येच आलेल्याला ते वाचून समजत नाही आणि गटालाही जड जातं. तिने "ओके सर, थँक्यू" म्हणून फोन ठेवला आणि म्हणाली, "मग मी पुढच्या वर्षी जाईन. सातवी झाल्यावर पण चालतं, पत्रकात लिहिलंय."

इतकं साधं. नवऱ्याचं तोंड पडलं, दोन दिवस घुश्श्यात होता, संधी गेली, पुढच्या वर्षी जागा मिळेलच कशावरून, लोक पाचवीपासून तयारी करतात. मी पण आतून जरा हबकलेच होते कारण मी तोवर पाठवायच्या बाजूला पूर्ण झुकले होते. पण विचार करून बघितलं तर तिच्या हिशोबात चूक सापडेना. आठवीच्या आधी ती आयओक्यूएम देताच येत नाही. एनटीएसईचा, म्हणजे दहावीच्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचा, बाऊ करायचा तर ती २०२१ पासून बंदच आहे. म्हणजे एक वर्षाने नुकसान कसलं, तर फक्त आपल्याला शेजारच्यांना सांगायला उशीर होणार, एवढंच. आणि जी मुलगी मनाविरुद्ध मुंज बुडवून गेली असती ती पहिले तीन दिवस "मला येत नाही" म्हणून रडली असती की मुंजीसाठी, हे सरांनाही कळलं नसतं.

लांज्याला काय झालं ते सांगते कारण त्यावरून माझं एक मत बनलं. सुट्टीत आठ-दहा पोरं जमतात तिथे, पडवीत वाळवलेल्या काजूच्या बियांचा ढीग. मनूने खेळ काढला, २१ बिया ठेवायच्या, एका वेळी एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. मी पहिली म्हणायची आणि जिंकायची. मामा चारदा हरला, मग त्याला संशय आला. ती सांगेना. "चार-चारचे ढीग लावून बघा" एवढंच. मुंज्या मुलानेच पकडलं, घेऱ्याच्या डोक्याने बियांसमोर उकिडवा बसून, की एक उचलली की वीस राहतात, मग समोरच्याने एक घेतली की आपण तीन, दोन घेतल्या की दोन. मग ती म्हणाली आता शेवटची उचलेल तो हरला असं धरू, तर? तोवर आंबे कापले आणि पोरं उठून गेली. ती एकटीच बसून राहिली आणि मला म्हणाली, "मग २१ मध्ये पहिला खेळणारा हरतो." ऐकायला कुणी नव्हतं. मी "हो का" म्हटलं, आणि काय म्हणणार.

माझं मत बनलं ते हेच. प्रश्न काय, घरी देता येतात, पुस्तकं मिळतात, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानसारखी १९७६ पासून हेच काम करणारी संस्था आहे, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा केंद्र आहे, मोबाईलवर तर ढीग पडलाय. पण आंबे कापले तरी न उठणारं दुसरं पोर आपण घरी देऊ शकत नाही. सव्वीस हजार त्याचे आहेत. ते ज्यांना तुमच्या गावातच, फुकटात, रविवारी एखाद्या सरांच्या ओट्यावर मिळत असेल त्यांनी शिबिराचा विचारही करू नये असं मी म्हणेन. आम्हाला नाही मिळालं, शोधलं तरी.

म्हणून मग यंदा परत फॉर्म आणला. फी दोन हजारांनी वाढलीय. मुंज, लग्न, काही नाही, मी नातेवाईकांना जानेवारीतच विचारून घेतलं. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं की कपडे दोन जोड जास्त दे, हॉस्टेलचं पाणी कसं असतं माहीत नाही. नवऱ्याला बजावून ठेवलंय की फोनवर "किती सुटले" विचारायचं नाही, "जेवलीस का" विचारायचं. मनू या वेळच्या कागदावर पाचव्या प्रश्नाला अडकलीय, काल मी चहा द्यायला गेले तर वही उलटी घातली आणि म्हणाली बघू नको, आणि बाबाला तर अजिबात आत पाठवू नको.